त्रुटीपूर्ततेचे राजकारण

महाराष्ट्रातील विद्यापीठांत प्राध्यापक आणि प्रशासन यांच्यात जे खटके उडतात, त्यांतील अनेकांचे मूळ ‘कॅस’च्या, म्हणजे सेवाकाळातील पदोन्नती योजनेच्या, फाईलमध्ये सापडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला दहाव्या वेतनस्तरावरून अकराव्यावर जाण्यासाठी पीएच.डी. असल्यास चार, एम.फिल. असल्यास पाच, एरवी सहा वर्षांची सेवा लागते. शिवाय उद्बोधन व उजळणी वर्गांची प्रमाणपत्रे जोडावी लागतात. वर्ग पात्रतेच्या तारखेनंतर पूर्ण झाला असेल, तर लाभ नेमका कोणत्या दिवसापासून द्यायचा, इथे गाडे अडते.

आस्थापना विभागातील लिपिक त्यावर टिपणी, म्हणजे वरिष्ठांच्या निर्णयासाठी फाईलवर करायची मांडणी, लिहितो आणि प्रस्ताव ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ येतो. सगळ्या त्रुटी एकदम कळवल्या तर प्राध्यापक वैतागतो, पण कामाला लागतो. एक पुरी केली की दुसरी निघू लागली, म्हणजे मात्र हा मुद्दाम मांडलेला छळ आहे अशी त्याची खात्री पटते. टेबलापलीकडे वेगळीच धास्ती असते. वेतननिश्चिती चुकली तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, वसुली लागते आणि टिपणीखाली पहिली सही कोणाची हे आधी पाहिले जाते. ही धास्ती लिपिक बोलून दाखवत नाही, म्हणून ती समोरच्याला उर्मटपणा वाटते. आणि प्राध्यापकाने चढवलेला वर्गातला आवाज त्यात भर घालतो.

2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात अशा गाऱ्हाण्यांसाठी तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. समिती तारखेचा वाद निकाली काढू शकते; पण तक्रारीवर आवक क्रमांक पडला, की रागात लिहिलेले शब्द अभिलेखात जातात आणि ते मागे घेणे दोघांनाही कमीपणाचे वाटते.

म्हणून जाणता कुलसचिव लेखी खुलासा मागवण्याआधी दोघांना एकाच टेबलाशी बसवतो, शासन निर्णयाची प्रत मध्ये ठेवतो आणि सगळ्या त्रुटी एकाच कागदावर उतरवून घेतो. “सर, एवढं प्रमाणपत्र द्या, बाकीचं मी आजच पुढे पाठवतो,” हे लिपिकाने स्वतः म्हणणे महत्त्वाचे, कारण तोच शब्द वरून आदेश म्हणून आला तर पुढची फाईल पुन्हा रेंगाळते. तारखेच्या अर्थाविषयी शंका उरलीच, तर कुलसचिव सहसंचालक कार्यालयाकडून स्वतःच्या सहीने मार्गदर्शन मागवतो. त्यामुळे लिपिकावरची जबाबदारी हलकी होते आणि प्राध्यापकाला उत्तर कोठून यायचे आहे ते कळते.