अंगणातून पाताळगंगेपर्यंत

रसायनी परिसरात पाताळगंगेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की बोट आधी कारखान्यांकडे जातं. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची स्थापना 1960 ची. पुढे औद्योगिक वसाहतही वाढली. पण कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी निदान 1974 चा जलप्रदूषण कायदा आहे, नियंत्रण मंडळ आहे. मोहोपाड्यातल्या अंगणांतून वाहणारं पावसाचं पाणी मात्र गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून थेट नदीत जातं. वाटेत ते गाळणारं काहीच नाही. खोपोलीच्या टाटा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. खालच्या पाणीयोजना तिच्यावर चालतात आणि शेवटी ती धरमतरच्या खाडीला मिळते. म्हणून तिची राखण आपल्या दारातच करायला हवी.

आधी हिशेब पाहू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. 50 चौरस मीटरच्या पत्र्यावर 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर एकाच छपरावरून 5,000 लिटर पाणी खाली येतं. खालापूरच्या पावसाळ्यात असे दिवस नवे नाहीत. मातीवर पडलेलं पाणी थोडं तरी मुरतं. सिमेंटवर पडलेलं सगळं धावतं आणि जे सापडेल ते सोबत नेतं. सर्वांत घाण असतो तो पहिला लोंढा, कारण उन्हाळाभर साचलेली धूळ, विष्ठा, तेल, कचरा त्यातच उतरतो. त्यामुळे पुढची कामं आगोटीच्या इतर कामांबरोबर मे महिन्यातच उरकावीत.

पन्हळीपासून सुरुवात करा. पानं, गाळ काढून टाका. पन्हळीचा पाइप लादीवर न सोडता झाडांच्या वाफ्यात सोडा. पाण्याच्या माऱ्याने माती उखडू नये म्हणून तोंडाशी चार दगड लावा. अंगणाचा एक भाग तरी बिनलादीचा ठेवा. भर पावसाळ्यात जमीन तुडुंब होते आणि मुरणं थांबतं, तरीही गवत गाळ अडवतंच.

मोटारसायकलखाली तेलाचा डाग असेल तर तो धुऊ नका. धुतल्याने तेल नाहीसं होत नाही, फक्त गटारात सरकतं. त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाका, तेल शोषू द्या, मग झाडून पिशवीत भरा. बदललेलं ऑइल गॅरेजवाल्याकडेच द्या.

बांधकामाची रेती रस्त्याकडेला असेल तर तिच्यावर ताडपत्री टाका आणि कडेने विटांची रांग लावा. वाहून गेलेली रेती गटार बुजवते आणि मग तेच पाणी घरात शिरतं. शेणाचा ढीग उंचावर, आडोशाला ठेवा. शेणातली आणि खतातली पोषकद्रव्यं पाण्यात उतरली की शेवाळ आणि जलपर्णी माजते. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून गटाराच्या पाण्यात अनवाणी उतरू नका.

मोरीचं पाणी शोषखड्ड्यात घ्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं संपवली. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तळाशी मोठे दगड आणि वर लहान खडी भरतात. खड्डा विहिरीपासून लांब असावा आणि संडासाचं पाणी त्यात कधीही सोडू नये.

गल्लीचं गटार उपसलं की गाळ त्याच दिवशी उचलून न्यायला लावा. काठावर ठेवलेला गाळ पहिल्याच सरीत परत आत जातो.

पहिला जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन आपल्या दारातून निघणारं पाणी पाहा. ते गढूळ असेल तर माती सुटते आहे, तवंग असेल तर तेल जातं आहे, फेस असेल तर साबणाचं पाणी गटारात मिळतं आहे. जे दिसेल ते काम त्याच आठवड्यात हाती घ्या.