शाळेबाहेरची विद्या आणि तिचा कागद

अंथुर्ण्याच्या एका अंगास वालचंदनगर आणि दुसऱ्या अंगास भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, उसामागून गिरण आली आणि गिरणीबरोबर या मुलखात एक निराळीच विद्या आली. तिचे वर्ग भरत नाहीत, तिला सुट्ट्या नाहीत आणि बहुधा तिचा दाखलाही मिळत नाही. त्या विद्येवर पोट भरणाऱ्या माणसांविषयी मला आज बोलावयाचे आहे.

शाळा न शिकता मोठी झालेली माणसे म्हटली की आपण चटकन अण्णा भाऊ साठे यांचे नाव घेतो. वाटेगावचा हा मुलगा शाळेत गेला तो अवघा दीड दिवस. पुढे मुंबईच्या कामगारवस्तीत तो अक्षरे शिकला, १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारणाऱ्यांत होता, आणि १९५९ साली त्याची ‘फकिरा’ कादंबरी प्रसिद्ध झाली. १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. इथवर सारे भाषणात येते. पुढचे सहसा येत नाही. १९६९ साली अण्णा भाऊ वारले ते हलाखीत. कीर्ती होती, वाचक होते. महिन्याच्या महिन्याला हाती पडेल असे काही नव्हते. मग हे यश म्हणावयाचे की नाही? मी म्हणतो, यशच. पण ज्याच्या घरी चार तोंडे खाणारी आहेत त्याला हे उदाहरण देताना आपण जरा जपून बोलावे.

त्याच कामगारवस्तीतील नारायण सुर्वे यांची गोष्ट दुसऱ्या वळणाने गेली. गिरणी कामगाराने सांभाळलेले हे पोरके मूल. लहानपणी चौथीपर्यंत शिक्षण, मग हलकीसलकी कामे, गिरणी, आणि पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई. शिपाई असतानाच त्यांनी पुढची परीक्षा दिली आणि शिक्षक झाले. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह निघाला. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. कविता त्यांना शाळेने दिली नाही हे खरे, पण पगार त्यांना परीक्षेच्या कागदाने दिला. विद्या एकीकडून येते आणि भाकरी दुसरीकडून, ही गाठ नीट ध्यानात घ्यावी.

आता आपल्या गिरणीत या. उसाचा रस शुद्ध करून आटवला की त्याचा पाक होतो. हा पाक पॅनमध्ये निर्वात स्थितीत उकळतात. हवा काढून घेतल्यामुळे तो कमी उष्णतेवर उकळतो आणि साखर करपत नाही. तेथे उभा असतो तो पॅनमन. तो सळईने थोडा नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि दिव्यासमोर धरतो. दाणा किती धरला, सारखा आहे की मध्येच बारीक, नकोसा दाणा उमटला, हे तो त्या काचेवर वाचतो. बारीक दाणा राहिला तर पुढे मशिनवर मळी नीट सुटत नाही. म्हणून पाणी सोडून, उष्णता वाढवून तो वेळीच विरघळवावा लागतो. केव्हा आणि किती, हे पुस्तकात लिहिलेले आहे. पण प्रत्येक पाक निराळा असतो. हा डोळा तयार व्हावयास हंगामामागून हंगाम जातात.

आणि खरी शाळा हंगाम संपल्यावर भरते. गाळप बंद झाले की यंत्रे उघडतात. चार महिने ज्याचा नुसता आवाज ऐकला ते आतून कसे आहे हे हेल्परला तेव्हाच दिसते. जो पोरगा त्या दिवसांत फिटरच्या मागे पाना घेऊन हिंडतो आणि ‘हे असे का?’ असे विचारतो, तो पाच वर्षांत फिटर होतो. जो विचारीत नाही तो पानाच उचलीत राहतो. (विचारणाऱ्याला शिव्याही पुष्कळ बसतात, तीच आमची फी.)

परंतु कारखान्याचे बिऱ्हाड दर्जावर चालते. अकुशल, अर्धकुशल, कुशल: वेतन त्यावर, आणि हंगामी माणसाला बंद काळात मिळणारा रिटेन्शन भत्ताही त्यावर. बॉयलरचे तर उघडच आहे. १९२३ च्या कायद्यापासून २०२५ च्या नव्या कायद्यापर्यंत, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीशिवाय बॉयलर चालवता येत नाही. आणि ते योग्यच आहे, तेथे चुकीला माफी नाही. सुदैवाने कागद मिळवण्याच्या वाटा शाळेबाहेरही आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यातच शिकून परीक्षा देण्याची सोय केली. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले. २०१५ पासून कौशल विकास योजनेत, आधीच अंगी असलेले कसब तपासून प्रमाणपत्र देण्याची तरतूद आली. अडचण एवढीच की, ज्याला याची गरज असते त्याच्यापर्यंत परिपत्रक पोचत नाही.

आमच्याकडे एक गृहस्थ आले होते. अठरा हंगाम पॅनवर, पण हजेरीपटावर हेल्पर. व्यवस्थापन म्हणे, शिक्षण सातवी, दर्जा कसा द्यावा? मी स्वतः नववी नापास. मला या प्रश्नाचा राग येणारच. पण रागाने दर्जा मिळत नाही. आम्ही पाळीच्या नोंदवह्या मागितल्या. पॅन केव्हा भरला, केव्हा उतरवला, प्रत्येक ओळ यांच्या हातची. अक्षर वेडेवाकडे, पण वेळा चोख. पॅनमन रजेवर असताना रात्रपाळ्या कोणी काढल्या तेही त्यात होते. मग मागणी केली की, प्रमाणपत्र राहू द्या, माणसाला पॅनवर उभे करून चाचणी घ्या. चाचणी झाली. चीफ केमिस्टांनी काच स्वतः दिव्यासमोर धरली आणि काही न बोलता सही केली.

पुढच्या हंगामापासून त्यांना दर्जा मिळाला. मागील अठरा हंगामांचा फरक मात्र मिळाला नाही. आज त्यांच्या हाताखाली दोन हेल्पर आहेत आणि आपल्या वहीत त्यांची नावेही ते रोज लिहितात.