निधनवार्तेचे पान

खानदेशातील एखाद्या जुन्या पेढीवर सकाळचे वृत्तपत्र आले की ज्येष्ठ मंडळी पहिल्या पानावर फार वेळ रेंगाळत नाहीत. कापसाचा, डाळीचा, सोन्याचा भाव हल्ली भ्रमणध्वनीवर आधीच कळलेला असतो आणि राजकारण दिवसभर दूरचित्रवाणीवर चालूच राहते. त्यांचा हात सरळ आतल्या पानाकडे जातो, जेथे काळ्या चौकटीतील छायाचित्रे ओळीने मांडलेली असतात. घरातील तरुण या सवयीची थट्टा करतात, सुनांना भल्या सकाळी हे वाचन अशुभ वाटते; आणि तरीही पन्नाशी ओलांडली की थट्टा करणारा तोच मुलगा ते पान आधी उघडू लागतो.

या पानावर दोन प्रकारचा मजकूर असतो. वार्ताहराने दिलेली चार ओळींची निधनवार्ता, जिला पैसे लागत नाहीत. आणि कुटुंबाने जागेच्या मापाने पैसे मोजून दिलेली चौकट. पहिलीची भाषा ठरलेली असते: वृद्धापकाळाने किंवा अल्पशा आजाराने निधन, वय, पश्चात कोण, अंत्ययात्रा कोठून. दुसरीत कुटुंब स्वतः बोलते. जळगाव-धुळ्याच्या अंकांत तिला येथल्या मातीचे शब्द मिळतात. द्वारदर्शन आणि गंधमुक्ती हे शब्द वाचून मुंबईचा वाचक कदाचित बुचकळ्यात पडेल. येथे ते कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. मारवाडी घरांच्या चौकटीत त्यांच्या जागी उठावणा येतो, जैन घरांत अनेकदा श्रद्धांजली सभा किंवा गुणानुवाद सभा. आणि 'अरिहंतशरण' हा एक शब्द दिसला की आडनाव वाचण्यापूर्वीच घराची ओळख पटते.

बाहेरच्याला हे वाचन मृत्यूचे कुतूहल वाटते. प्रत्यक्षात जुना वाचक मरणाची ओळ पटकन ओलांडतो आणि खालच्या बारीक अक्षरांवर थांबतो. कोणाची कन्या कोठे दिली, व्याही जामनेरचे की शिरपूरचे, पेढीचे नाव काय, शोकाकुलांच्या यादीत मोठ्या भावाचे नाव आहे की वाटणीनंतर तेही गळाले, हे सारे तेथे वाचावयास मिळते. मारवाडातून निघालेली ओसवाल कुटुंबे खानदेशच्या लहान लहान गावांत स्थिरावली, परंतु त्यांचा लेखी इतिहास थोडा आहे. जुन्या वह्या बहुतेक वाळवीच्या पोटात गेल्या. एखाद्या घरातील तीन-चार पिढ्यांची कात्रणे क्रमाने लावली तर मात्र तो इतिहास बराचसा हाती लागावा. जुन्या चौकटीत राजस्थानातील मूळ गाव, त्यानंतरच्या चौकटीत पारोळा किंवा दोंडाईचा, मग जळगावची नवी पेठ, आणि अगदी अलीकडच्या यादीत पुणे, सुरत व परदेशातील एखादे शहर.

पत्तेही वाचण्यासारखे असतात. पेशवाई संपल्यावर, १८१८ नंतरच्या काळात, कॅप्टन ब्रिग्ज याच्या आखणीने धुळ्याची नवी पेठ वसली आणि तेथील गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जाऊ लागल्या. कुटुंब देवपुरातील बंगल्यात राहावयास गेले तरी 'गल्ली नंबर चार' हा उल्लेख सुटत नाही, कारण गाव त्यांना त्या गल्लीनेच ओळखते. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांचे पुढे जळगाव आणि धुळे झाले, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. सोयरीक मात्र अजूनही अखंड खानदेशाचीच आहे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या पानाला आणखी एक बाजू आहे, जी तो सहसा बोलून दाखवीत नाही. भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ४२ प्रमाणे, करारात वेगळी तरतूद नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपुष्टात येते. म्हणून चौकट वाचणारा मनातल्या मनात खातेही उघडतो: माल कोणाच्या नावे गेला, सही कोणाची होती, मुलगा गादीवर बसणार की पेढी मिटणार. काही आठवड्यांनी त्याच वृत्तपत्रात न्यायालयाची जाहीर नोटीस येते. १८२७ चा मुंबईचा आठवा विनियम आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि त्याखाली वारस दाखला देण्यापूर्वी हरकती मागविल्या जातात. निधनाची चौकट आणि वारसाची नोटीस यांच्यामधील काळात बाजाराची स्वतःची रीत चालते. उठावणा होईपर्यंत बाकीचा शब्द कोणी काढीत नाही. यात सौजन्य आहे आणि थोडा हिशेबही आहे, कारण धीर धरणाऱ्याचे पैसे बहुधा आधी येतात. दुसऱ्या बाजूने, जो मुलगा उठावण्यानंतर स्वतः वही घेऊन धनकोच्या दारी जातो आणि वडिलांकडे निघत असलेली रक्कम विचारतो, त्याची पत त्या एका फेरीत वडिलांपेक्षा वर जाते.

स्त्रियांच्या चौकटी वाचताना अधिक सावध राहावे लागते. विवाहात नाव बदलण्याची रूढी असल्याने साठ-सत्तर वर्षे सासरच्या नावाने वावरलेली स्त्री गेली, तर तिच्या बालपणीच्या मैत्रिणीला ती चौकट ओळखूच येत नाही. ज्या चौकटीत 'माहेरचे' म्हणून कुळाचा आणि गावाचा उल्लेख असतो, तेथेच ती ओळख जुळते. पूर्वी शोकाकुलांत फक्त पुत्र, पौत्र आणि पुतणे असत. आता मुलींची व सुनांची नावे बरोबरीने छापली जाऊ लागली आहेत, परंतु अजून सर्वत्र नाही. आईच्या निधनाच्या चौकटीत मुलीचे नाव नसावे, ही उणीव कोणत्याही धार्मिक आज्ञेतून आलेली नाही. ती केवळ जुन्या छापील नमुन्याची सवय आहे आणि नमुना बदलण्यास घरातील एका माणसाने हट्ट धरला तरी पुरते.

जैन घरांच्या चौकटीत कधी 'संथारासह' असा शब्द असतो. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथाऱ्याला आत्महत्येच्या पंक्तीत बसविले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्या तीन आठवड्यांत हा एक शब्द छापावा की नाही, हा प्रश्न कोणत्याही घराला पडला असता. दुसरा एक उल्लेख शांतपणे येतो: नेत्रदान. शेवटच्या ओळीतील तो शब्द वाचून किती घरांनी अर्ज भरले असतील, हे कोणी मोजलेले नाही, पण अनेक घरांत तो विषय प्रथम निघतो तो अशाच एखाद्या चौकटीवरून.

हे वाचन केवळ खानदेशचे नाही. १८२२ साली सुरू झालेल्या मुंबई समाचारातील मरणनोंधी गुजराती आणि कच्छी घरांत असेच आधी वाचले जाते. इटलीतील बेर्गामो शहराच्या दैनिकात एरवी दोन-तीन पाने मृत्युलेख असत. १३ मार्च २०२० च्या अंकात ती दहा झाली आणि ती पाने जगभर दाखविली गेली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जळगावच्या मृत्युदराची चर्चा देशभर झाली. अंत्यविधीस वीस माणसांची मर्यादा होती. खांदा देणे नाही, बैठक नाही, गळ्यात पडून रडणे नाही. 'कृपया सांत्वनासाठी कोणीही घरी येऊ नये, दूरध्वनीवरूनच बोलावे' ही ओळ त्या वर्षी रूढ झाली. ज्या समाजात दाराशी जाऊन नुसते बसून येणे हेच सांत्वन मानले जाते, तेथे त्या वर्षी चौकट वाचणे हीच एक हजेरी उरली होती.

गावाला मोठे वाटणारे आणि पुढे मोठे ठरणारे यांचा मेळ या पानावर नेहमी बसत नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. गावाला आपण काय गमावले ते लगेच उमजले होते. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाई चौधरी गेल्या, तेव्हा त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघालेले नव्हते. ते १९५२ मध्ये निघाले. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या दृष्टीने एका शेतकरी घरातील वृद्धा गेली होती.

या पानावर सर्वांत अवघड वाचन असते ते अबोला धरलेल्या माणसाच्या नावाचे. संवत्सरीला छापील क्षमापना शेकडो घरांना जाते. ज्याच्याशी खरोखर भांडण झाले, त्याचा पत्ता मात्र यादीतून गुपचूप वगळलेला असतो. दुकानाच्या भिंतीवरून, भागीदारीवरून, एखाद्या मोडलेल्या सोयरिकीवरून वीस वर्षे बोलणे बंद असते, आणि एके सकाळी तो चेहरा चौकटीतून समोर येतो, तोही तरुणपणच्या छायाचित्रात. अशा वेळी काही जण पान मिटतात. काही जण टोपी घालून निघतात, उठावण्यात मागच्या रांगेत बसतात आणि मृताच्या मुलापुढे हात जोडतात. मुलाला त्या भांडणाची कल्पना असते किंवा नसतेही.

आता निधनाची खबर भ्रमणध्वनीवरील गटांतून अर्ध्या तासात सर्वत्र पोहोचते आणि बहुतेक वेळा चौकट छापून येईपर्यंत अग्निसंस्कार उरकलेला असतो. तरीही चौकट दिली जाते, कारण गटातील संदेश संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या व विनोदांच्या गर्दीत खाली जातो आणि कात्रण वहीत राहते. वर्षाने प्रथम पुण्यस्मरणाची चौकट येते, तेच छायाचित्र, तीच नावे. पुढे ती लहान होत जाते. मग एखाद्या वर्षी ती येतच नाही, आणि तारीख लक्षात ठेवून बसलेला एखादा जुना मित्र पान उलटून पुन्हा एकदा पाहतो.