अलॉय व्हील: दुरुस्ती की बदली?
पावसाळ्यात पिरंगुट-पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाताना पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही. चाक जोरात आपटलं की पोलादी रिम बहुधा वाकते. ओतीव ॲल्युमिनियमच्या अलॉय व्हीलला मात्र तडा जाऊ शकतो. या मिश्रधातूत साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असतं. त्याला खरी ताकद येते ती कारखान्यातल्या नियंत्रित उष्णता-प्रक्रियेतून. म्हणूनच गॅसवर तापवून ठोकलेलं किंवा वेल्डिंग केलेलं चाक वरून नीट दिसलं, तरी तिथे कमकुवत होऊ शकतं. वरवरचे ओरखडे घासून, रंगवून चालतात. पण हवा सारखी उतरत असेल, स्टिअरिंग थरथरत असेल, तर चाक उतरवून आतली कड तपासून घ्या. तडा असेल तर चाक बदलाच. नव्याचं माप, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि भारक्षमता गाडीशी जुळलीच पाहिजे.