शेटलंड पोनीला चंदी घालताय? जरा थांबा!

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. बोचरा वारा, खुरटं गवत, हिवाळ्यात किनाऱ्यावर वाहून आलेलं समुद्री शेवाळ, एवढ्यावर शेकडो वर्षं जगलेलं हे ठेंगणं घोडं. उंची फार तर १०७ सेंटिमीटर. थोडक्यात भागवायची सवय त्याच्या अंगातच मुरलेली, आणि हिरव्यागार कुरणात सोडलं की तीच त्याच्या मुळावर येते.

साखर आणि स्टार्च जास्त झालं की लॅमिनायटिस होतो. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारा थर सुजतो. जनावराला पाऊल टाकवत नाही. म्हणून मुख्य आहार वाळलेलं गवतच. वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे २०० किलोच्या पोनीला दिवसाला ३ ते ४ किलो, तेही विभागून. गवत भिजवून ते पाणी फेकून दिलं तर साखर कमी होते. जोडीला मिठाचा खडा, खनिज मिश्रण. ओट, हरभरा वगैरे चंदी बहुतेकांना लागतच नाही. (लाड करायचे तर खरारा करा!)

पण जाडी उतरवायला उपाशी ठेवणं? अजिबात नको! पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी भसाभस रक्तात उतरते, यकृत कोलमडतं, जीवही जातो. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या घोडीला हा धोका जास्त. त्यापेक्षा खाली भोक असलेली मुसकी बांधून चरायला सोडा. आणि थंडीत केस दाट असतात, तेव्हा नुसत्या नजरेवर जाऊ नका. बरगड्या हाताने चाचपून बघा.