‘ज्युव्हेनाइल’ आणि एक जून

मी भाईंदरच्या एका महाविद्यालयात शिकवतो. गेल्या वर्षी वर्गात एक इंग्रजी उतारा वाचताना ‘ज्युव्हेनाइल’ हा शब्द आला. मी अर्थ विचारला. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “सर, ज्याला पोलीस उचलून नेतात तो लहान पोरगा.” कुणी हसले नाही. बहुतेकांना तोच अर्थ ठाऊक होता. त्यांच्या वस्तीत हा शब्द चौकीच्या वाटेनेच आलेला आहे.

मूळ शब्दात मात्र गुन्ह्याचा मागमूसही नाही. लॅटिनमध्ये ‘युवेनिस’ म्हणजे तरुण. त्यावरून ‘युवेनिलिस’ म्हणजे तारुण्याचा, तरुणाला शोभणारा. रोमन पंडित वारो याच्या वर्गवारीत तिशी ते पंचेचाळिशीचा माणूस ‘युवेनिस’ ठरतो. म्हणजे शस्त्र पेलणारा कर्ता पुरुष. संस्कृतमधला ‘युवन्’, फारसीतून आपल्याकडे आलेला ‘जवान’ आणि इंग्रजीतला ‘यंग’ हे याच मुळाचे फुटवे. शब्दांच्या शुद्ध कुळाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की ‘युवक’ आणि ‘जवान’ ही सख्खी भावंडे आहेत.

लॅटिनच्या लेकी असलेल्या भाषांत या शब्दाचा मान अजून टिकून आहे. स्पॅनिश व पोर्तुगीजमध्ये ‘जुवेनिल’ असे लिहितात आणि तो शब्द तरुण खेळाडूंच्या संघालाही लावतात. इटलीतल्या तुरीन शहरात विद्यार्थ्यांनी १८९७ साली फुटबॉलचा संघ काढला व त्याला ‘युव्हेंटस’, म्हणजे तारुण्य, हे लॅटिन नाव दिले. इंग्रजीत मात्र हा शब्द न्यायालयात शिरला. इंग्लंडने १८४७ साली बालगुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. अमेरिकेत शिकागोला १८९९ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र न्यायालय निघाले. मुलांना मोठ्यांच्या तुरुंगातून बाहेर काढावे हा हेतू चांगलाच होता. पण त्यातून तारुण्याच्या शब्दाला गुन्ह्याची संगत लागली.

आपल्याकडे हा शब्द कायद्याबरोबर आला. पण कायद्याने सर्वांच्या पोरांना सारखे बालपण दिले नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. मुंबई इलाख्याचा बालकायदा १९२४ चा. म्हणजे बरीच वर्षे हे दोन्ही कायदे एकत्र नांदले. एक म्हणत होता, मूल आहे, सांभाळून घ्या. दुसरा म्हणत होता, अमक्या जमातीचे आहे, नजर ठेवा.

१९८६ च्या केंद्रीय कायद्याने मुलासाठी सोळा व मुलीसाठी अठरा वर्षांची मर्यादा घातली. २००० मध्ये ती दोघांनाही अठरा झाली. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली. त्याआधी बाल न्याय मंडळाने प्राथमिक पडताळणी करायची असते. याच कायद्याने ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ही संज्ञा रुळवली. शब्द सभ्य आहे. पण वस्तीकडे पाहणारी नजर तेवढ्याने बदलली का?

आता मुख्य प्रश्न वयाचा. मुलाचे वय कशावरून ठरवायचे? कायदा आधी शाळेचा किंवा शालान्त परीक्षेचा दाखला पाहतो. तो नसेल तर नगरपालिका, महापालिका वा पंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी.

आणि आपल्या शाळेच्या दाखल्यावर काय असते? माझी शाळा मराठवाड्यातल्या खेड्यात झाली. माझी जन्मतारीख आहे एक जून. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची हीच होती. आई सांगते, मी हुरड्याच्या दिवसांत झालो. हुरडा थंडीत असतो. वय भरावे म्हणून गुरुजींनी सहा-सात महिने पुढे ढकलून मला शाळेत घेतले. त्यांचा हेतू चांगला होता, त्यांच्यामुळे मी शिकलो. पण साडेसतरा वर्षांच्या पोराच्या दाखल्यावर असेच सहा-सात महिने चढलेले असतील, तर गुन्ह्याच्या दिवशी तो कागदावर प्रौढ असतो. ज्याच्या घरी जन्मदाखला जपून ठेवलेला असतो, त्याच्या मुलाचे बालपण अठराव्या वाढदिवसापर्यंत शाबूत राहते. आपल्या पोराचे बालपण गुरुजींच्या टाकाच्या अंदाजावर अवलंबून.

म्हणून शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. वस्तीत, नाक्यावर, वीटभट्टीवर मूल जन्मले की एकवीस दिवसांच्या आत नोंद करवून घ्या. शाळेत नाव घालताना तोच दाखला पुढे करा, अंदाजाला जागा ठेवू नका. मूल पकडले गेलेच, तर अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी खटल्याचा निकाल लागून गेल्यावरही करता येतो. ही तरतूद कायद्यात आहे. ती वस्तीत माहीत नाही.

त्या दिवशी मी फळ्यावर ‘युवन्’, ‘जवान’ आणि ‘ज्युव्हेनाइल’ शेजारी शेजारी लिहिले. मग वर्गाला विचारले, तुमच्यापैकी किती जणांचा वाढदिवस एक जूनला असतो? सतरा हात वर झाले. पहिला हात मागच्या बाकावरचा होता.