पीककर्जाचा अर्ज का नाकारला जातो?
(पत, सिबिल आणि सातबारा यांचा हिशेब)



मृग तोंडावर आला की बियाणे, खत आणि मजुरी यांची जुळवाजुळव सुरू होते. नेमक्या त्याच वेळी बँकेतून उत्तर मिळते, "तुमचं सिबिल बसत नाही." कागदांची पिशवी घेऊन माणूस परत फिरतो. पेरणी काही कोणासाठी थांबत नाही. मग सावकाराची पायरी चढावी लागते आणि एका हंगामाची अडचण चार वर्षांचे ओझे होऊन बसते.

हे टाळायचे तर बँक अर्जात काय पाहते, तो का अडतो आणि अडला तर काय करावे, हे आधीच ठाऊक असले पाहिजे. या पत्रकात आपण तेच पाहू.

पत पाहणे म्हणजे काय?

गावातला दुकानदार उधारी देण्याआधी आपली वही चाळतो. मागची उधारी कधी दिली, किती राहिली, बोलल्याप्रमाणे वागला की नाही, हे बघून तो माल देतो. बँकेचेही तसेच आहे. फरक एवढाच, की बँकेची वही एका दुकानापुरती नाही. आपण देशात कोठेही कर्ज घेतले असेल, तर त्याची नोंद त्या वहीत येते.

ही वही ठेवण्याचे काम पतमाहिती कंपन्या करतात. त्यासाठी २००५ साली कायदा झाला. भारतात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क. त्यांतली सिबिल सर्वांत जुनी, म्हणून लोक सगळ्याच पतनोंदीला 'सिबिल' म्हणतात. बँका आणि वित्तसंस्था कर्जखात्यांची माहिती या कंपन्यांना कळवतात. पूर्वी ती महिन्याला जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरा दिवसांनी कळवावी असा नियम रिझर्व्ह बँकेने केला होता.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कर्ज द्यायचे की नाही, हे सिबिल ठरवत नाही. ते बँक ठरवते. सिबिल फक्त वही दाखवते.

अंक कसा वाचावा?

या नोंदीवरून ३०० ते ९०० या दरम्यान एक अंक निघतो. अंक जितका मोठा, तितकी पत चांगली. साधारणपणे ७५० च्या वरचा अंक बँका चांगला मानतात. मात्र अमुक अंकाखाली कर्ज देऊच नये, असा किमान अंक रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला नाही.

ज्याने आजवर कोठेच कर्ज घेतले नाही, त्याच्या नावापुढे 'वजा १' असे दिसते. ते पाहून पुष्कळ जण घाबरतात. वजा १ म्हणजे खराब पत नव्हे. वही कोरी आहे, इतकाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही एवढ्यावरून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नये, असे महाराष्ट्र शासनानेही २०२५ साली बँकांना बजावले आहे.

नोंद कशाने बिघडते?

१. छोटी बाकी. समजा, एका शेतकऱ्याने मोटरसायकल हप्त्याने घेतली. सगळे हप्ते भरले, शेवटचे दोन राहिले. गाडी दारात आहे, कोणी मागायला आले नाही, म्हणून गडी विसरला. नोंदीत मात्र ते खाते थकीत दिसते. दोन-तीन वर्षांनी पीककर्ज मागायला गेला, की तीच बाकी आडवी येते. मोबाईल, टीव्ही, गटाचे कर्ज, मोबाईलवरून घेतलेले झटपट कर्ज, सगळ्यांचे असेच आहे.

२. जामीनकी. भावकीत किंवा शेजारात शब्द राखायला आपण सही करतो. मूळ कर्जदाराने पैसे थकवले, की त्याची झळ जामीनदाराच्या नोंदीलाही लागते. सही करण्याआधी हे कर्ज आपलेच आहे असे समजून विचार करावा.

३. तडजोड. थकलेले खाते काही रक्कम सोडून मिटवले, तर नोंदीत ते 'बंद' असे न येता 'तडजोड' म्हणून येते. बँक खाते मिटवते, पण वहीत खूण राहते. ही माहिती कंपन्यांना किमान सात वर्षे ठेवावी लागते.

४. माफीची वाट. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना असो की २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना असो, प्रत्येक माफीला अटी आणि तारखा असतात. माफी येईल म्हणून खाते थकवले आणि आपण अटीत बसलो नाही, तर माफीही जाते आणि पतही. शिवाय केंद्र आणि राज्य सरकारची ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावरची वेळेवर परतफेडीची व्याजसवलत मुदतीत फेडणाऱ्यालाच मिळते. ज्यांची खाती माफीत मिटली आहेत, त्यांनी ती नोंदीत बंद दिसतात की नाही, हे एकदा पाहून घ्यावे.

५. ठिकठिकाणी अर्ज. एकाच महिन्यात चार-पाच ठिकाणी अर्ज केले, तर प्रत्येक जण वही उघडतो आणि तीही नोंद होते. माणूस पैशासाठी फिरतो आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपली नोंद आपणच पाहिली, तर मात्र अंक कमी होत नाही.

सोसायटीच्या कर्जाचे थोडे वेगळे आहे. जिल्हा मध्यवर्ती बँक विविध कार्यकारी सोसायटीला पैसे देते आणि सोसायटी सभासदाला. त्यामुळे सोसायटीची बाकी या अहवालात दिसेलच असे नाही. पण दुसऱ्या बँकेत गेलात, की ती सोसायटीचा बेबाकी दाखला मागू शकते. तेथे बाकी उघडी पडते.

दोष सिबिलचा की सातबाऱ्याचा?

पुष्कळदा अर्ज अडतो कागदावर आणि बोल लागतो सिबिलला. म्हणून पुढील गोष्टी आपल्या घरी बसून तपासा.

• सातबारा, आठ अ, आधार आणि बँक पासबुक यांवर नाव एकसारखे आहे का? एकीकडे वडिलांचे नाव, दुसरीकडे नुसते आडनाव, असे असले की अर्ज अडतो.

• वडील वारले, पण वारसनोंद झाली नाही, असे तर नाही ना? जमीन कसणारा तुम्ही, पण कागदावर नाव दुसऱ्याचे, तर बँक कर्ज कोणाला देणार? तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या आणि फेरफार मंजूर झाला की नाही ते पाहा.

• सामाईक खाते आहे का? असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची संमती लागू शकते. ती ऐन पेरणीत मिळवायला जाऊ नका.

• फेडलेल्या कर्जाचा बोजा 'इतर हक्क' या रकान्यात अजून दिसतो का? कर्ज फेडले म्हणजे बोजा आपोआप उतरतोच असे नाही. बँकेचा किंवा सोसायटीचा दाखला देऊन तो कमी करून घ्यावा लागतो.

• पीकपाहणीची नोंद झाली आहे का? सातबाऱ्यावर पीकच नसेल, तर पीककर्जाचा हिशेब जुळत नाही.

कर्ज किती मिळणार, हे जमिनीच्या किमतीवरून ठरत नाही. पीक कोणते, क्षेत्र किती आणि त्या पिकाचा हेक्टरी कर्जदर किती, यावर ते ठरते. मागितल्यापेक्षा कमी रक्कम मिळाली, तर आधी हा दर विचारा. तसेच १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हेही माहीत असू द्या.

अर्ज नाकारला, आता काय?

पहिले काम, तोंडी उत्तरावर परत फिरू नका. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. अर्ज नामंजूर झाला तर त्याचे मुख्य कारण लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. "साहेब, नाही म्हणालात ते मान्य, पण कारण कागदावर लिहून द्या," असे शांतपणे म्हणा. वाद घालून काही साधत नाही. कागद हातात असला, तर पुढची वाट दिसते.

दुसरे काम, आपली नोंद मागवा. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा असा नियम आहे. तो ऑनलाईन मिळतो. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला बसवून काढून घ्या. त्यात तीन गोष्टी पाहा : नाव, जन्मतारीख बरोबर आहे का, प्रत्येक खाते आपलेच आहे का आणि फेडलेले खाते बंद दाखवले आहे का. सारख्या नावामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसते, असेही घडते.

तिसरे काम, चूक असेल तर तक्रार करा. कर्ज ज्या बँकेचे आहे तिच्याकडे आणि पतमाहिती कंपनीकडे, दोन्हीकडे लेखी द्या. सोबत पावती आणि बेबाकी दाखला जोडा. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे. त्यानंतरही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. सोसायटीविषयीची तक्रार मात्र तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे करावी.

चौथे काम, बाकी खरी असेल तर ती आधी भरा. सर्वांत छोटी बाकी पहिल्यांदा मिटवा, दाखला घ्या आणि तो जपून ठेवा. अंक एका रात्रीत चढत नाही. वेळेवर भरलेल्या हप्त्यांनी तो हळूहळू सावरतो. "पैसे द्या, तुमचं सिबिल नीट करून देतो," असे सांगणाऱ्यांपासून दूर राहा. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. मोबाईलवर आलेला ओटीपी तर कोणालाच सांगू नका.

थकण्याआधी बँकेत जा

पावसाने दगा दिला, भाव पडला, तर माणूस बँकेचे तोंड चुकवतो. खरे तर तेव्हाच बँकेत जायला हवे. सोयाबीन, कापूस, ज्वारी अशा वर्षाच्या आतल्या पिकांचे कर्ज मुदतीनंतर दोन हंगाम थकले, की खाते 'अनुत्पादक' ठरते. वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्या पिकाला एकच हंगाम मिळतो. त्याआधी आणि आपले गाव आपत्तीग्रस्त जाहीर झाले असेल तर, पीककर्जाचे पुनर्गठन करून मागता येते. म्हणजे जुन्या बाकीला हप्ते पाडून मिळतात आणि नव्या पीककर्जाची वाट मोकळी राहू शकते. एकदा खाते अनुत्पादक झाले, की हीच गोष्ट फार अवघड होते.

मंडळी, पत ही विहिरीसारखी आहे. पाणी लागेल तेव्हा खणायला घेतली, तर उपयोग नाही. उन्हाळ्यात, हाताला थोडी उसंत असते तेव्हा सातबारा काढा, अहवाल पाहा, बोजा उतरवा. सगळ्या पावत्या आणि दाखले एका पिशवीत एकत्र ठेवा आणि ती पिशवी कोठे आहे हे घरधनिणीलाही सांगून ठेवा. मग मृगाचा पाऊस पडेल तेव्हा तुम्ही बँकेच्या दारात नाही, तर शेतात असाल.